चोर सापडेपर्यंतचा अभ्यास

मी पदवीधर झालो तो माझ्या कळंबच्या आत्यांमुळं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. शेवटच्या वर्षाला मी आत्यांकडं राहिलो. दोन खोल्यांत सात माणसं, आणि टीव्ही कायम चालू. मी पुस्तक घेऊन मोरीपाशी बसायचो. असंच चाललं तर आपण नापास होणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

त्या लग्नसराईत गल्लीत घरफोड्या सुरू झाल्या. घरचे लग्नाला गेले की दाराचा कोयंडा कापून कुणीतरी आत शिरायचं. आत्या शेजारणीला म्हणाल्या, "नुसत्या कुलपाच्या भरवशावर कशाला जाता? आमचा भाचा बसंल की अभ्यास करीत."

झालं! मला रोज नवं घर, पंखा, टेबल आणि शांतता मिळू लागली. काहीजण जाताना चिवड्याचा डबाही ठेवून जायचे.

तपासाला आलेले हवालदार म्हणाले, "माकणीकडं विहिरीवरच्या मोटारी जातायत, जळकोटला ट्रकच्या ताडपत्र्या. तिथली आन् हितल्या कोयंड्यांची कापायची तऱ्हा एकच दिसती."

आत्या हसल्या. "ताडपत्रीवाला पाटल्या शोधत हितं कशाला येईल, साहेब?"

"बाई, तपास तुमी करता का आमी?"

"तुमीच करा. म्हंजे चोर निवांत ऱ्हाईल."

पुढं घरफोड्या थांबल्या. परीक्षा तोंडावर आली आणि लोक पुन्हा कुलूप लावून निर्धास्त गावाला जाऊ लागले. मी परत मोरीपाशी आलो. आत्यांनी दोन दिवस ते पाहिलं. तिसऱ्या दिवशी नळावरून त्यांचा आवाज आला, "मोटारी, ताडपत्र्या, आपली घरं, समदं एकाच टोळीचं हाय! हवालदार सोता म्हणले. तिकडचं उरकलं की हिकडंच यायचेत."

संध्याकाळी आमच्या खुंटीवर शेजाऱ्यांच्या चाव्या लटकत होत्या.

चोर आजवर सापडलेला नाही. निकाल लागला तेव्हा मी गावाकडं होतो. तिथून आत्यांना पत्र लिहिलं:

"आत्या, पाया पडतो. फोनवर तुम्ही मला बोलू दिलं नसतं, म्हणून लिहितोय. फर्स्ट क्लासमध्ये पास झालो. गावाकडं निघताना हवालदार कळंबच्या स्टँडवर भेटले होते. टोळीचा माग लागला का, असं विचारलं, तर म्हणाले, 'तुझ्या आत्याला इचार, आमच्यापेक्षा त्यांनाच जास्त म्हायती.' नळावरचं बोलणं मी ऐकलं होतं, आत्या. ते मी जन्मभर विसरणार नाही. जूनपासून धाकटा बारावीला तुमच्याकडं येतोय. तेव्हा टोळी एवढ्यात पकडू देऊ नका."