बू वागियेम सगळ्यांना आत बोलावतात

हे मी लिहिणारच नव्हते. अर्धं लिहून पुसलंही. पण आई आत्ता केळी घेऊन बू वागियेमकडे गेलीये आणि मला राहवेना.

बू वागियेम म्हणजे जावातल्या सोलो शहरातल्या आमच्या गल्लीतल्या काकू; आमच्याकडे काकूंना 'बू' म्हणतात. नवरा वारला, मुलगा तिकडे दूर बोर्निओत, बालिकपापानला. दिवसभर ओट्यावर लसूण सोलत बसतात आणि जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारतात, "अगं, ये ना आत, चहा टाकते!" आपण "हो हो, नंतर येते" म्हणायचं आणि चालू पडायचं. आमच्याकडे सगळेच असं बोलावतात. खरंच आत जाणं म्हणजे असभ्यपणा.

त्यावरून गल्लीने ठरवलेलं, बाई हसरी, बोलकी, हिला माणसांची काय कमी! मीही तेच धरून चाललेले.

मग आमच्या वरच्या खोलीत तिउर राहायला आली. सुमात्रातल्या मेदानकडची, बाटाक समाजातली. त्यांच्यात 'ये' म्हणजे खरंच ये. पहिल्याच दिवशी बू म्हणाल्या ये, आणि ही गेली. चपला काढून. आत.

दुपारपर्यंत निकाल लागला. हावरट. आगाऊ. घरी वळण लावलेलं दिसत नाही.

"जा, आण तिला!" आई म्हणाली. "आपली भाडेकरू आहे. लोक आपल्याला हसतील."

गेले. तिउर तळलेलं तेंपे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, खात होती, बू तिला आणखी वाढत होत्या.

"बस गं तूही."

"नको नको, बू, नंतर येते."

"नंतर म्हणजे कधी?" तिउर म्हणाली. "वार सांग."

मी बसले.

"नंतर मी इथे नसेनही," बू म्हणाल्या. "पोरगा न्यायला येतोय. फोनवर विचारत होता, आई, तुझ्याकडे येतं कोण? म्हटलं, खूप जण. म्हणाला, नावं सांग." त्यांनी माझ्या ताटात मिरचीची चटणी वाढली. "मला नाही जायचं गं. तिथे आठव्या मजल्यावर राहतो. कोणाला हाक मारू?"

घरी सांगितलं तर आई म्हणे, "त्या? एकट्या? काहीतरीच! किती हसतात!"

काल मुलगा आला. आईलाच गल्लीत गाठलं. "काकू, आमची आई एकटी पडते का हो?"

"छे रे! घर कसं भरलेलं असतं!"

"तुम्ही कधी गेला होतात शेवटचं?"

आई गटाराकडे बघत म्हणाली, "तिउर जाते." ज्या पोरीला गल्लीने निर्लज्ज ठरवलं, तिचंच नाव पुढे केलं. दुसरं नव्हतंच.

त्याने ईदपर्यंत थांबायचं कबूल केलंय. तोवर आईकडे माणसं येतात हे त्याला पटलं तर बू राहतील, नाहीतर जातील. म्हणून आई गेलीये. इथून दिसतेय, खुर्चीच्या टोकावर बसलीये आणि सारखी "निघते हं" म्हणतेय. बू ऐकून घेत नाहीयेत.

तुमच्याकडेही असं कोणीतरी असेलच, ज्यांना कसली कमी नाही असं तुम्ही परस्पर ठरवून टाकलंय. याच आठवड्यात जा. फोन नको, खरंच जा. आणि चहा होईपर्यंत उठू नका.