झटकलेले कपडे

मंजुषाच्या नाकातून रक्त आलं की ती हीटरला नावं ठेवायची. जपानातल्या ग्योतोकुचा हिवाळा, हवा कोरडीठाक. शेजारणींचंही तेच मत. २००४ साली रणजितच्या आयटीतल्या नोकरीपायी ती इथं आली आणि पुण्यात बी.एस्सी. झालेली ही बाई स्टेशनमागच्या लाँड्रीत पार्टटाइम लागली. दिवसभर भिंतींशी किती बोलणार?

लाँड्रीत लष्करी विमानं दुरुस्त करणाऱ्या कारखान्यातले ओव्हरऑल यायचे, पिवळट भुकटीने माखलेले. कपडा झटकल्याशिवाय पाण्यात घालायचा नाही, ही आईची शिकवण अंगात मुरलेली. मागच्या दारात उभी राहून ती एकेक कपडा फटाफट झटकायची. मालक खूश, मंजुषा-सानच्या हातचं धुणं स्वच्छ! बाई फुलून गेली. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या चित्रा नावाच्या मैत्रिणीलाही तिनेच तिथं कामाला लावलं आणि झटकायची ढब शिकवली.

एकदा जेवताना रणजित भलताच रंगात आला. त्याच कारखान्याचं सॉफ्टवेअर त्याच्याकडे आलं होतं: घातक रसायनं किती कमी झाली, ते मोजायचं.

"विमान गंजू नये म्हणून पिवळा प्रायमर मारतात, त्यात क्रोमियम असतं. घासताना धूळ उडते. नाकात गेली तर आतून जखमा, पुढे कॅन्सरसुद्धा. आता कामगार ओव्हरऑल घरी नेत नाहीत. बायकापोरं सेफ."

"मग धुतं कोण?"

"बाहेर देतात," भात कालवत तो म्हणाला.

मंजुषाचा घास हातातच राहिला. "बाहेर म्हणजे मी, रणजित."

त्याचा चेहरा पडला. "मी बोलतो ऑफिसात. तोवर कुणाजवळ काही बोलू नकोस. व्हिसा कंपनीच्या हातात आहे आपला."

तो बोलला, हे खरं. साहेबांनी नम्रपणे मान लववून सांगितलं, की लाँड्री कारखान्याच्या हद्दीत येत नाही. त्यानंतर तो गप्प बसला, हेही तितकंच खरं. माणूस वाईट नव्हता; पण अशा गप्प बसण्याची चीड येते ती येतेच.

मंजुषाने काम सोडलं. चित्राला सांगितलं, पाठ दुखते. महिन्याभराने डॉक्टरांनी तिच्या नाकाच्या आतल्या पडद्याला भोक पडल्याचं सांगितलं, तेव्हा मात्र तिला राहवेना. दवाखान्यातून ती तडक जिना चढून वर गेली.

चित्राने दार उघडलं. नाकाला रुमाल होता, लाल झालेला.

"ये ना गं! काही नाही, हीटरची हवा. आणि ऐक, मालकानं आज शाबासकी दिली मला. म्हणाला, हात अगदी मंजुषा-सानचा."