कोंडीरामची खुर्ची आणि लोणच्याची बरणी

तर खुर्चीच्या चौथ्या पायालाही काथ्या गुंडाळला, तेव्हा कुठं ती डुगडुगायची थांबली. काल गोष्ट इथंच सुटली होती. मधेच चहा आला, चहाबरोबर कुणीतरी वडे काढले, आणि राधाबाई बिचारी रात्रभर तशीच खुर्चीत अधांतरी राहिली.

काल जे नव्हते त्यांनी एवढंच ध्यानात घ्यावं: खुर्ची लालबागमधल्या एका दुमजली चाळीतली, ती बनवणारा कोंडीराम, आणि जिच्यासाठी बनवली ती त्याची आई राधाबाई. पंचावन्न साल सरत आलेलं. संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई तापली होती. आज हरताळ, उद्या मोर्चा, परवा गोळीबार. चाळीतला जो तो पोराबाळांच्या काळजीत. कोंडीराम मात्र खुशीत, कारण संकट येणार होतं आणि त्याची तयारी झालेली होती. लग्नघरच्या वरबापाच्या चेहऱ्यावरसुद्धा एवढं तेज नसतं.

कोंडीराम गिरणीत आगीच्या लाल बादल्यांत वाळू भरून ठेवायच्या कामावर होता. अठरा वर्षांत त्याच्या खात्याला एकदाही आग लागली नाही. याचं श्रेय तो वाळूला देत नसे, स्वतःला देई.

पण ही तयारीची खाज वाळूतून आलेली नव्हती. ती आली चव्वेचाळीस सालच्या गोदीतल्या स्फोटातून. तेव्हा ही मायलेकरं कॉटन ग्रीनला राहत. कोंडीराम पाळीवरून येऊन जेवायला बसला होता. पहिल्या दणक्याला ताटातली आमटी सांडली, दुसऱ्याला छपराचं लाकूड करकरलं, आणि पुढचं कोंडीरामला आठवत नाही. आठवतं ते अँटॉप हिलपासून. तिथं तो दम खायला थांबला, खाली बघितलं, तर काखेत लोणच्याची बरणी. चिनीमातीची, वर पिवळा रंग, गळ्याशी फडकं बांधलेली. आई नव्हती.

आई खोलीतच होती. फळी कोसळून तिच्या गुडघ्यावर बसली होती. संध्याकाळी हा बरणी घेऊन परत गेला, तेव्हा शेजाऱ्यांनी तिला बाहेर काढून ओट्यावर ठेवलं होतं. पोराला पाहून ती रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "फुटली नाय ना रे?"

गुडघा गेला तो गेलाच. पण बरणी राहिली. राधाबाई दर वैशाखात त्याच बरणीत कैरीचं लोणचं घाली, आणि दर जेवणाला कोंडीरामच्या पानात फोड वाढताना म्हणे, "घे बाबा. तू वाचवलीस म्हणून आहे."

"आई, मला वाटलं तू पुढं गेलीस."

"व्हय. फळी घेऊन गेले होते."

हाच संवाद बारा वर्षं, दिवसातून दोन वेळा. लग्न होऊन शेवंती घरात आली, तिला घरातली भांडी कुठं आहेत ते कळायच्या आधी हा संवाद पाठ झाला. त्यामुळे कोंडीरामला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: एकदा, फक्त एकदा, चार लोकांच्या देखत, आईला संकटातून सुखरूप बाहेर काढायचं, म्हणजे त्या लोणच्याची चव बदलेल. आई सत्तरीच्या पलीकडे गेलेली. संकटानं जरा घाई करायला हवी होती.

म्हणून योजना. ती त्यानं पुठ्ठ्यावर निळ्या शाईनं लिहून जिन्याच्या तोंडाशी टांगली. कलम एक: शिटी वाजताच सर्वांनी गॅलरीत जमणे. कलम दोन: सामानसुमान घेऊ नये. कंसात, 'विशेषतः बरण्या.' कलम तीन: प्रथम राधाबाईंची खुर्ची, नंतर इतर. खुर्चीला दोन बाजूंनी बांबू बांधलेले, वर वेताच्या कमानी, आणि कमानींवर भिजवलेली गोधडी टाकायची, म्हणजे आग, धूर, दगड, काहीच आत जाणार नाही. राधाबाईला आत बसवून पहिल्यांदा गोधडी सोडली, तेव्हा आतून आवाज आला, "कोंड्या, मेल्या, मी मेले नाय अजून."

योजनेला एकच खोट होती, आणि ती चाळीतल्या एकाही पुरुषाला दिसली नाही. चाळीच्या मागं संडासाकडचा एक जिना होता. खाली परस, परसाला भिंत, भिंतीत एक लाकडी दार. दारापलीकडे दुसरी चाळ, आणि तिच्या ओट्यावरून उतरलं की दहा पावलांवर मोकळं मैदान. लहान पोरालाही कळेल की पळायचं तर इकडून. पण त्या दाराला अलीकडून खिळे मारलेले होते. पलीकडच्या चाळीत बाबासाहेबांची माणसं राहत. खिळे कुणी मारले असं विचारलं की सगळे म्हणत, फार जुने आहेत हो. जुने होते हे खरंच. पण दर दोन वर्षांनी कुणीतरी त्यांत एक नवा मारत होतं.

म्हणून योजनेचा मार्ग असा: पुढचा जिना, दरवाजा, हमरस्ता, मग गिरणीच्या भिंतीकडेनं दोन वळणं, आणि मग तेच मैदान. कोंडीरामनं पावलं मोजली होती. सहाशे चाळीस.

शेवंती म्हणाली, "अहो, भानगड असते ती रस्त्यावर. आणि तुम्ही माणसं नेणार ती रस्त्यावरच?"

"शेवंते, योजनेत बायकांनी बोलू नये."

"मग त्या दाराचे खिळे काढा."

"त्याचा विषय वेगळा आहे."

विषय वेगळा नव्हता हे शेवंतीला ठाऊक होतं. ती गिरणीच्या वाइंडिंग खात्यात होती आणि तिच्या शेजारी उभी राहून सूत गुंडाळायची ती पलीकडच्या चाळीतली मीराबाई. दोघींनी त्या दाराची खालची फळी कधीच सैल करून ठेवली होती. इकडून सुकट जाई, तिकडून जवसाची चटणी येई. कोंडीराम ती चटणी बोटं चाटून खाई आणि म्हणे, "शेवंते, तुझ्या हाताला चव आहे गो."

मग योजनेची तालीम झाली, नारळ फोडून. तिथंच गाडं अडलं. चाळ दोन गावांची, दोन्ही गावं कोकणातली. बाबुराव जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम, एका गावचा मानकरी, धोंडू दुसऱ्या गावचा. शिमग्यात पालखी उठते तेव्हा पुढचा उजवा खांदा कुणाचा, यावरून त्या दोन गावांत आजोबा-पणजोबांपासून डोकी फुटलेली. आता खुर्चीला बांबू, वर कमान, आत बसलेली पूज्य वस्तू. कुणाच्याही डोळ्यांना ती पालखीच दिसणार.

"उजवा खांदा आमचा," बाबुराव म्हणाले.

"शिमग्यात असेल. ही काय देवी हाय?" धोंडू म्हणाला.

"देवी नाय तर मग मागं का जात नाय तू?"

"तुम्ही जावा की!"

आतून राधाबाई म्हणाली, "मला उतरवा नि तुम्ही दोघं बसा. मी उचलते."

अखेर तोड निघाली. दुसऱ्या मजल्यावरून पहिल्यापर्यंत उजवा खांदा बाबुरावांचा, तिथं खुर्ची टेकवायची, अदलाबदल करायची, आणि पुढं धोंडूचा. तालमीला पाऊण तास लागला. कोंडीरामनं पुठ्ठ्यावर लिहिलं, 'तालीम यशस्वी.'

मग आला छपन्नचा जानेवारी. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं रेडिओवर ऐकलं आणि गिरणगाव रस्त्यावर उतरलं. तिसऱ्या दिवशी भर दुपारी, हमरस्त्यावर दगड, घोषणा, पळापळ सुरू होती आणि कुणीकडून तरी अश्रुधुराचं एक नळकांडं गडगडत येऊन चाळीच्या पुढच्या दरवाजात पडलं. धूर जिन्यानं वर चढला. पोरं किंचाळली, म्हाताऱ्या खोकल्या.

कोंडीरामच्या डोळ्यांत पाणी आलं. धुरानं आलं की आनंदानं, ते त्याचं त्यालाच ठाऊक. त्यानं शिटी फुंकली. "कलम एक! गॅलरीत जमा!"

राधाबाईला खुर्चीत बसवलं. तिनं मुद्दाम बरणी मांडीवर घेतली होती.

"आई, कलम दोन!"

"ही तुझी थोरली बहीण. हिला कशी टाकू?"

वेळ नव्हता. ओली गोधडी पडली. कोंडीराम पुठ्ठा घेऊन जिन्याच्या तोंडाशी गेला आणि मिटल्या डोळ्यांनी खांदेकऱ्यांची नावं वाचायला लागला. पहिलं नाव बाबुराव. बाबुराव पुढं आले आणि म्हणाले, "एक सांगतो, आज खरा प्रसंग आहे. तालमीची तोड आज चालायची नाय. दोन्ही मजले उजवा खांदा आमचा." धोंडूनं बांबू सोडला नि कमरेवर हात ठेवले. झालं. चाळीला धूर लागलेला, आणि तिच्या तोंडाशी दोन गावांचा शिमगा उभा राहिला.

शेवंतीनं दोन मिनिटं वाट पाहिली. मग गोधडीची मागची बाजू उचलली. "आत्याबाय, चला माझ्या पाठीवर."

"कुठनं नेतेस?"

"मागच्या दारानं. मीराबाईकडं."

राधाबाईनं पुढं केलेले हात मागं घेतले. सत्तर वर्षांचं सोवळं होतं ते. मग खोकल्याची उबळ आली आणि ती म्हणाली, "चल गो. घुसमटून मेल्यावर कुणाच्या दारातनं गेले ते मला कोण विचारतंय!" तिनं बरणी खुर्चीतच ठेवली आणि सुनेच्या गळ्यात हात घातले.

शेवंतीच्या मागं चाळीतल्या झाडून सगळ्या बायका निघाल्या, पोरांना खाकोटीला मारून. योजनेत त्यांची नावंच नव्हती, त्यामुळे कुणाचा मान आधी हा प्रश्न त्यांना पडला नाही. परसात पोचल्या तोवर मीराबाईचा नवरा भिवा पलीकडून पहार घालत होता. दोन दणक्यांत नवे-जुने सगळे खिळे निघाले. पलीकडं मीराबाईनं धुरावर हुंगायला कांदे फोडून ठेवले होते, ओली फडकी ठेवली होती, आणि चुलीवर चहाचं आधण.

"एवढा वेळ का गो?" तिनं विचारलं.

"वर मानपान चाललाय," शेवंती म्हणाली.

इकडं मान एकदाचा ठरला. कसा, ते शेवटपर्यंत कुणाला सांगता आलं नाही. बहुतेक दोघांनाही काही दिसेनासं झालं आणि ज्याचा हात ज्या बांबूवर पडला तो त्याचा. चौघांनी खुर्ची उचलली, ती जिन्यानं उतरवली, आणि जिथून धूर येत होता बरोबर तिथूनच बाहेर काढली. पुढं कोंडीराम शिटी फुंकत. दगड उडत होते, माणसं पळत होती, आणि त्या सगळ्यातून ही वरात सहाशे चाळीस पावलं मोजत निघाली.

"कोंडीराम," धोंडू धापा टाकत म्हणाला, "म्हातारी हलकी लागते रे."

"भीतीनं माणूस हलकं होतं. आई, भिऊ नकोस हां! मी आहे!"

आतून उत्तर आलं नाही. कोंडीरामचा ऊर भरून आला. बारा वर्षांत आई पहिल्यांदा त्याला उलटून बोलली नव्हती. एवढा विश्वास! पहिल्या वळणावर तो म्हणाला, "आई, झालंच हां." दुसऱ्या वळणावर म्हणाला, "आई, त्या वेळचं विसर आता." तरी आत शांत. मग त्यानं मनातलं आणखी बरंच काही बोलून घेतलं. खांदेकऱ्यांनी ते ऐकलं आणि चौघेही कडक माणसं असून त्यांनी नाकं ओढली. अर्थात, धूर होताच.

मैदानात पोचले तर समोर पलीकडच्या चाळीच्या ओट्यावर सगळी बायकामंडळी कपबशा घेऊन बसलेली. कोंडीरामला वाटलं, आपल्या स्वागताला जमल्या. एवढ्या लवकर कशा पोचल्या हा प्रश्न त्याला शिवलाही नाही. त्यानं खुर्ची मधोमध ठेववली, शेवटची लांब शिटी फुंकली, आणि छाती काढून म्हणाला, "मंडळी! कलम तीन पुरं झालं. आमची आई सुखरूप आहे. बाबुराव, गोधडी काढा."

बाबुरावांनी देवीचा पडदा सारावा तशी गोधडी बाजूला केली.

खुर्चीत बरणी होती. पिवळी, गळ्याशी फडकं बांधलेली, आणि तिला एक चराही गेला नव्हता.

ओट्यावर, मीराबाईच्या बाजेवर, राधाबाई बशीतला चहा फुंकत होती. तिनं बशी खाली ठेवली आणि विचारलं, "फुटली नाय ना रे?"

मग जो हशा पिकला तो हमरस्त्यावरच्या घोषणांच्या वर गेला म्हणतात. भिवा हसला, मीराबाई पदर तोंडात कोंबून हसली, धोंडू नि बाबुराव एकमेकांच्या गळ्यात पडून हसले, उजवा-डावा न बघता. शेवंती तेवढी हसली नाही. ती नवऱ्याच्या तोंडाकडं बघत होती. कोंडीराम बरणीकडं बघत होता, मग आईकडं, पुन्हा बरणीकडं. 'मला वाटलं तू पुढं गेलीस' हे वाक्य बारा वर्षं त्याच्या जिभेच्या टोकावर होतं. आज ती खरंच पुढं गेली होती. वाक्य पहिल्यांदाच खरं ठरत होतं, आणि नेमकं आजच ते त्याला सुचलं नाही.

त्यानं बरणी उचलली, ओट्याच्या पायरीवर आईच्या पायांशी नेऊन ठेवली, आणि नाक पुसत म्हणाला, "तुझ्या गळ्याची शपथ आई, या वेळी मी तुलाच घेऊन पळत होतो."