तारप्याला पाठ नाही

माझा तारपा तलासरीच्या टेकडीवर वाजायला लागला की डहाणूच्या समुद्राची भरती थांबते. हे मी पुष्कळांना सांगितलंय, निम्म्यांनी मानलंही आहे. भोपळा, बांबू आणि ताडाच्या पानांचा तो लांबलचक भोंगा मी एका दमात कैनाडपासून तलासरीपर्यंत वाजवत नेतो. म्हणून तर दक्षिणेकडच्या मारधाडीच्या सिनेमाची मंडळी इकडे आली तेव्हा बोलावणं मला आलं. मला आणि पाड्यावरच्या पंधरा नाचणाऱ्यांना.

निघताना सातवीतल्या मुलीने वाट अडवली. "बाबा, मागच्या एका सिनेमात आपल्यासारखी माणसं पानं गुंडाळून भाले नाचवत होती. वर्गातल्या पोरी विचारतात, तू घरी तशीच राहतेस का? तुम्ही तसं केलंत तर मी शाळेत जायची नाही."

"एक पान दिसलं तर मिशी काढीन," मी म्हणालो. माझ्या मिशीवर दोन पोपट आरामात बसतात, एवढं सांगितलं म्हणजे शपथेचं वजन कळेल.

टेकडीवर पोचलो तर पोतंभर पानं आणि बादलीभर काजळी वाट बघत होती. दिग्दर्शकाचा मुंबईकर सहायक म्हणाला, "भाऊ, जंगलाचा सीन आहे. पटापट लावून घ्या."

पुढे आली माझी आते. नाचाची म्होरकी तीच. "अरे पोरा, करवंदीच्या जाळीत उघडं कोण शिरतं? तू आधी शिरून दाखव. नाही ओरडलास तर आम्ही पानं लावू."

सहायकाने जाळीकडे पाहिलं आणि पोतं उचललं. आमची लुगडी आणि सदरे अंगावरच राहिले.

खरी लढाई पुढे होती. आमच्या नाचात मी मधोमध वाजवतो आणि बाकीचे हात गुंफून साखळीने माझ्याभोवती रिंगण धरतात. कॅमेरा बाहेर, रिंगणाच्या वर हिरो दोरीला लटकलेला. हुकूम आला, सगळ्यांनी नाचताना तोंड कॅमेऱ्याकडे करायचं. एकानेही केलं नाही. नाचताना तारप्याला पाठ दाखवायची नाही, हे आम्ही रांगतो तेव्हापासून पायांना ठाऊक असतं.

दिग्दर्शकाला वाटलं, भाषेची अडचण आहे. त्याने तीन भाषांत सांगितलं, मग हातवारे केले. मला खोडी सुचली. मी वाजवत आंब्याखाली गेलो, अख्खी साखळी माझ्यामागे. जनरेटरपाशी गेलो, तिने जनरेटरला वेढा घातला. हिरो वर एकटाच. एवढा वेळ लटकला की त्याच्या डोक्यावर कावळ्याने घरटं बांधायला घेतलं होतं.

सहायक धापा टाकत आला. "साहेब म्हणतात, जमत नसेल तर मुंबईहून डान्सर आणतो."

आयुष्यात पहिल्यांदा माझा दम तुटला. ती माणसं आली असती तर पोतंही परत उघडलं असतं, आणि वर्गात तोच प्रश्न.

"आम्ही इथून हलणार नाही," मी म्हणालो. "आमचा नाच दाखवायचा तर आमच्यासारखा दाखवा."

मागून आते सहायकाला म्हणाली, "एवढं डोकं कशाला तापवतोस रे? तुझं ते यंत्र उचल आणि ह्या मिशीवाल्याच्या बाजूला ठेव. सगळ्यांची तोंडं तिकडेच असतात."

सहायकाने सांगितलं. दिग्दर्शकाने हिरोला खाली उतरवलं. कॅमेरा माझ्या खांद्याला खेटून उभा राहिला. हिरोही साखळीत शिरला आणि तीनदा आतेच्या पायावर पडला. प्रत्येक वेळी ती म्हणाली, "ऊठ लेका, तोंड इकडे!"

सिनेमा आल्यावर पाडा एका मोबाईलभोवती जमला. सगळे दिसले, माझ्याशिवाय. कॅमेरा माझ्या बाजूला, मी दिसणार कुठून? कोपऱ्यात तारप्याचं टोक तेवढं हललं.

"तू गेला होतास ना रे नक्की?" आते म्हणाली.

मी काही बोलणार तोच मुलीने चित्र थांबवलं. "ही आतेआजी, ही आई," ती बोट सरकवत राहिली, पंधराही जणांवर. मग मोबाईल दप्तरात टाकला आणि म्हणाली, "उद्या आणते परत. शाळेत लागणार आहे."

मिशी शाबूत आहे.