गिअरमधली अक्षता

खंडेनवमीला वहिनीने घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा केली. पाने, स्क्रू ड्रायव्हर, बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर, आणि त्यांच्या शेजारी दादाची रिमोटची गाडी. सातपूरमधली त्याची गिअर कटिंगची शेड तेव्हा बंद होती, म्हणून हत्यारंच घरी आणली होती. वहिनीने गाडीला हळद-कुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि मूठभर अक्षता टाकल्या. "वहिनी, जरा जपून, ती खालून उघडी असते," मी म्हटलं. "असू दे," ती म्हणाली, "देवाला साकडं घालायचं तर हात कशाला आखडायचा?"

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. दादा त्र्यंबक रोडवर मोटारसायकलवरून पडला होता. डोक्याला मार बसला. ऑपरेशन नीट झालं, हातपाय शाबूत राहिले, पण बोलणं गेलं. पाणी, नको आणि हं, एवढ्यावर सगळा कारभार. आणि नजर अशी, की आपण त्याचे कुणी लागतो की समोरच्या बिल्डिंगमधून सहज आलोय, कळेना. डॉक्टर म्हणाले, वाट बघा, त्याच्या रोजच्या वस्तू त्याच्यासमोर ठेवत जा. वाट बघा म्हणायला त्यांचं काय जातं? माझा जीव टांगणीला लागला होता. आत दादा उरलाय की नाही, एवढंच मला कळायला हवं होतं, आणि ते कुणी सांगत नव्हतं.

ही गाडी म्हणजे त्याचा जीव की प्राण. मित्राने सिंगापूरहून आणलेली, बॅटरीवरची, हातभर लांब. रविवारी गंगापूर रोडच्या मोकळ्या प्लॉटवर तो ती धुरळा उडवत पळवायचा आणि मग दुपारभर खोलून बसायचा. मोटरच्या टोकाला पिनियन, म्हणजे छोटासा पितळी गिअर. तो प्लास्टिकच्या मोठ्या गिअरला फिरवतो आणि मोठा गिअर चाकांना. हे ज्ञान मी काही हौसेने मिळवलेलं नाही. शेजारी बसून स्क्रू सांभाळायचं काम माझ्याकडे असायचं, त्यात ते कानावर पडलं.

दसऱ्याला सकाळी मी गाडी त्याच्यासमोर चालू केली. दिवसभरात त्याची नजर कुठे टिकलीच तर ती त्या गाडीवर. रिमोटचा खटका दाबला तर कर्रकन आवाज आला आणि गाडी जागीच अडली. दादा दचकला. म्हटलं, आता हीसुद्धा गेली तर याच्यापुढे ठेवायचं काय?

गाडी उलटी केली. पिनियन आणि मोठ्या गिअरच्या दातांमध्ये कुंकवाने लाल झालेला तांदळाचा दाणा चेंगरून बसला होता. मोटरचे स्क्रू ढिले केले, मोटर मागे सरकवली, सुईने दाणा उकरून काढला. मोठ्या गिअरचे दात बचावले होते. मोटर अंदाजाने पुन्हा पुढे सरकवली, स्क्रू आवळले आणि खटका दाबला. चाकं फिरली, पण खडखड वाजत.

"प्ले," दादा म्हणाला.

माझा हात तिथेच थांबला. अपघातानंतरचा त्याचा हा पहिला नवा शब्द. मी वहिनीला हाक मारली. ती पुऱ्यांची कणीक सोडून तशीच धावत आली. "अहो, काय म्हणालात? परत म्हणा."

"प्ले."

"खेळायचंय? गाडी खेळायचीय का?" मी रिमोट त्याच्या हातात दिला. त्याने तो ढकलून दिला आणि पुन्हा तेच म्हणाला. वहिनी प्लेग्रुपमध्ये शिकवायची. तिचा चेहरा खर्रकन उतरला. "माझ्या वर्गातली पोरं असंच करतात गं," ती म्हणाली, "हवं असतं तेच ढकलून देतात." आणि आत निघून गेली. आतून पोळपाट आपटल्याचा आवाज आला.

माझं डोकंच फिरलं. भीती वाटली की मला राग येतो, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. "काय प्ले प्ले लावलंयस?" मी त्याच्यावर खेकसले. "खेळायचंय तर खेळ ना."

त्याने गाडी माझ्या हातातून ओढून घेतली. एका हाताने मोटर घट्ट धरली, दुसऱ्या हाताने मागचं चाक थोडं पुढे, थोडं मागे हलवलं. टक टक. चाक हलत होतं, मोठा गिअर हलत होता, पिनियन मात्र जागचं ढळत नव्हतं. त्याने माझ्याकडे बघितलं, पुन्हा चाक हलवलं. "प्ले."

आणि मला शेडमधले त्याचे फोन आठवले. शाफ्टला प्ले आलाय, माल परत पाठवतो. गिअरमध्ये प्ले ठेवू नका. दोन दातांमध्ये ढिलाई राहिली, की त्यांच्या धंद्यात तिला प्ले म्हणतात. याला खेळायचं नव्हतं. हा माझं काम नापास करत होता. माझे डोळे भरून आले, समोरचा स्क्रूसुद्धा दिसेना.

"कागद," तो म्हणाला.

मी वर्तमानपत्राची पट्टी फाडली, मोटरचे स्क्रू पुन्हा ढिले केले. ती दोन्ही गिअरच्या मध्ये धरायची, मोटर तिच्यावर दाबायची, स्क्रू आवळायचे आणि मग पट्टी काढून घ्यायची, म्हणजे दातांमध्ये कागदाइतकीच फट राहते. हे त्याला करताना मी कितीदा पाहिलं होतं. पण मला घाई झाली. एक स्क्रू मी एकदमच करकचून आवळला आणि मोटर तिरकी झाली.

"गाढवे," दादा वैतागून म्हणाला. "हळू."

वहिनी दारात येऊन उभी होती. "काय म्हणाले?" तिने विचारलं.

"मला गाढव म्हणाला," मी सांगितलं, आणि हसताहसता मला रडू फुटलं.

ती कणकेच्या हातांनीच त्याच्यासमोर जमिनीवर बसली. "अहो," ती म्हणाली, "मलाही बोला ना काहीतरी. शिवी दिलीत तरी चालेल."