गुलाबी जाकीट

माझ्या बायकोच्या मामांइतका लांबून ओळखू येणारा माणूस सगळ्या डहाणूत नव्हता, आणि नोकरी संपल्यावरची सगळी वर्षं त्यांनी दिसेनासं होण्याच्या खटपटीत घालवली. उंची सव्वासहा फूट, आणि मसोलीच्या घरात शिंकले तर स्टेशनावर ऐकू जावं असा आवाज. फुग्यांच्या कारखान्यात रंग कालवण्यात त्यांचा जन्म गेला. २०१६ साली निवृत्त झाले आणि तिसऱ्याच दिवशी मला म्हणाले, "जावईबापू, आपला जवान झाडीत हिरवा आणि रेतीत खाकी दिसला पाहिजे. कपडा एकच."

मग ऊब लागली की रंग उडणारी पूड वापीहून आली आणि घरातलं कापड संपत गेलं. उशीच्या हिरव्या अभ्र्यावर रोज सकाळी मामांच्या डोक्याएवढा पांढरा ठसा दिसे. भाकरीचं गरम ताट उचललं की टेबलावरच्या कापडावर चंद्र उगवलेला असे. वाडीतल्या सरड्यासमोर ते वही घेऊन तासन्‌तास बसत. "यांना बघून त्या सरड्याचाच रंग उडाला," मामी म्हणत. "जवानांचं भलं करा, पण माझ्या चादरी सोडा."

दोन वर्षांनी जाकीट तयार झालं. संरक्षण खात्याला पाठवायचं तर सैन्यातल्या माणसाचा दाखला सोबत हवा, असं मामांनी ठरवलं आणि तलासरीच्या एका निवृत्त हवालदारांना आशागडच्या चिकूवाडीत बोलावलं. मामांनी लपायचं, हवालदारांनी शोधायचं. मामा झाडाखाली उभे राहिले. अंगाच्या उबेने हिरवा रंग उडाला खरा, पण खालून खाकीऐवजी फुग्यांचा गुलाबी निघाला, गळ्यापासून कमरेपर्यंत. हवालदार त्यांच्यासमोरून तीनदा गेले, डोळ्यांवर हात धरून चौफेर पाहिलं आणि मला म्हणाले, "नाय दिसत बुवा." तसं कागदावर लिहून त्यांनी सहीही केली.

महिनाभर तो कागद घरातच पडून राहिलेला पाहून मी मामांना विचारलं.

"त्यांनी मला पहिल्याच फेरीत पाहिलं," मामा म्हणाले. "माझं मन मोडवेना त्यांना. पण सीमेवर समोरून येणारा एवढा भला नसतो हो."

पुढल्या वर्षी मामा गेले. भेटायला आलेल्या हवालदारांनी मला ओसरीवर बाजूला घेतलं. "तो कागद पुढं गेला काय? माझ्या जिवाला घोर लागलाय."

"नाही. मामांनीच ठेवून घेतला."

"म्हणजे मला दिसले होते, ते त्यांना कळलं."

"कळलं," मी म्हणालो. "पण रागावले नव्हते."