उंद्रीचे नमुने

महाराष्ट्र नुकताच झाला होता. रसायनशास्त्राची पदवी घेऊन मला वर्षही झालं नव्हतं, आणि शेगावजवळच्या एका तेल कारखान्यात माझी नेमणूक झाली. पेंडेत उरलेलं तेल काढायला तिथे ती बेंझीनमध्ये भिजवत. त्याची वाफ श्वासावाटे अंगात जाते, रक्त बिघडवते, आणि तिची खूण लघवीत उतरते. ती खूण किती दिसली की माणसाला कामावरून हलवायचं, ही मर्यादा आमच्या मुंबईच्या कार्यालयाला ठरवायची होती. नमुने गोळा करून तपासणं माझ्याकडे होतं.

पुरुषांच्या कारखान्यात एक तरुण बाई लघवी मागत फिरते म्हटल्यावर व्हायचं तेच झालं. आठवडाभर माझं बाटल्यांचं खोकं रिकामंच. मी आत गेले की बोलणं थांबे, पाठ फिरवली की हसू ऐकू येई. दुपारी वजनकाट्यामागे मी एकटीच डबा खाई. घरी पत्र लिहायला बसे, पण कामाबद्दल काय लिहावं ते सुचत नसे.

टाक्या साफ करणारे एक काका होते, पन्नाशीचे. एका संध्याकाळी पाळी सुटल्यावर त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली माझ्या टेबलावर ठेवली. "घ्या बाई. लाजता काऊन? हे तं फेकाचंच व्हतं."

दुसऱ्या दिवशी अकरा बाटल्या आल्या.

तुलनेसाठी, ज्यांनी बेंझीन कधी पाहिलंच नाही अशांचे नमुनेही हवे होते. काका मला त्यांच्या गावी, उंद्रीला घेऊन गेले. त्यांच्या बायकोने शेजारपाजार गोळा केला, मला ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी वाढली. कित्येक दिवसांनी मी कुणासोबत जेवत होते. निघताना तिने काकांकडे बघत हळूच विचारलं, "बाई, यायले काही झालं तं नाही ना? दात घासताना रगत येते."

"तपासून सांगते," मी म्हटलं.

सगळ्यांत मोठा आकडा काकांचाच निघाला. मर्यादा ठरायची होती, पण मी वाट पाहिली नाही. व्यवस्थापकांना लिहून दिलं, आणि काकांना टाक्यांवरून काढून फाटकावर बसवलं गेलं. पंधरा दिवसांनी त्यांचा आकडा उंद्रीच्या लोकांइतका खाली आला. मी जवळजवळ धावतच सांगायला गेले.

"मंग आता मले आत घेतीन?"

"नाही काका. तिथेच तर ते अंगात जातं."

"आठ वर्सं त्याच लोकायसंगं काम केलं, बाई. इथं दिवसभर बोलाले कोनी नाही."

तेवढ्यात ट्रक आला आणि ते फाटक उघडायला उठले.

पुढे मुंबईच्या बैठकीत मर्यादा ठरली. मला बोलावणं नव्हतं, टाइप केलेली प्रत टपालाने आली. काकांचा जुना आकडा मर्यादेच्या कितीतरी वर होता. म्हणजे माझं चुकलं नव्हतं. हे सांगावं असं त्या कारखान्यात एकच माणूस होतं. मी फाटकापाशी गेले. काकांनी रामराम केला, स्टूल पुढे सरकवलं, आणि आम्ही दोघं रस्त्याकडे बघत बसलो.